ठसेतज्ज्ञ "जुळला" म्हणतात तेव्हा ते किती खात्रीचं असतं? कुणी तपासून बघितलंय का?

अनघा_पुणे

नमस्कार मंडळी. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात कॉलेजमध्ये मूट कोर्ट आहे आणि माझ्या वाट्याला बचाव पक्ष आलाय. केस काल्पनिक आहे, घरफोडीची. आरोपीविरुद्ध पुरावा म्हणजे खिडकीच्या काचेवरचा एक अर्धवट ठसा, तोही कॉम्प्युटरमध्ये टाकून सर्च केल्यावर या माणसाचं नाव आलं, बाकी ना साक्षीदार ना मुद्देमाल. सगळे सीनियर सांगतायत की ठसा जुळला म्हणजे विषय संपला, तू त्याला हात लावू नको, पंचनाम्यात काय घोळ आहे तेवढं बघ. वर सुप्रीम कोर्टानेही १९७९ साली जसपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालात म्हटलंय की अंगठ्याच्या ठशांचं शास्त्र अचूक आहे, त्यात चुकीला किंवा शंकेला जागा नाही.

पण मला हे पटत नाहीये. डीएनएवाले निदान शक्यता आकड्यात तरी सांगतात, ठशाच्या रिपोर्टात नुसतं "जुळतो" एवढंच. तर प्रश्न असा की या तज्ज्ञांची कुणी नीट परीक्षा घेतलीये का, म्हणजे ज्याचं उत्तर आधी माहीत आहे असे ठसे देऊन? किती वेळा चुकतात? कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, आणि जरा सोप्यात सांगा, माझं सायन्स दहावीनंतर सुटलंय.

---

नीलकंठ_मु

अनघा, तुझी शंका अगदी रास्त आहे आणि त्यावर चांगलं काम झालंय. मी फॉरेन्सिक सायन्स शिकवतो म्हणून जरा लांबड लावतो, वाचून घे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. दोन माणसांच्या बोटांवरच्या रेघा सारख्या नसतात हे बहुतेक खरंच आहे, जुळ्या भावंडांच्यासुद्धा वेगळ्या असतात कारण त्या पोटात असतानाच बनतात आणि त्यात गर्भाभोवतालच्या परिस्थितीचा हात असतो. पण कोर्टात बोट येत नाही. येतो तो चान्स प्रिंट, म्हणजे काचेवर घाईत उमटलेला, घामाचा, अर्धा पुसलेला, कधी दाबाने पसरलेला तुकडा. आणि तो बघून एक माणूस ठरवतो की हे त्याच बोटाचं आहे. बोट एकमेव असेलही, तो निर्णय बरोबरच असेल असं त्यावरून निघत नाही. शंभर वर्षं कोर्टांमध्ये ह्या दोन्हींची सरमिसळ चालत आली. २००९ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मोठ्या अहवालाने हे स्पष्ट मांडलं, की शून्य चूक हा दावा शास्त्रीयदृष्ट्या टिकणारा नाही.

मग परीक्षा. सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो २०११ चा अभ्यास, एफबीआय आणि नोब्लिस नावाच्या संस्थेने मिळून केलेला. १६९ तज्ज्ञ, ठशांच्या ७४४ जोड्या, त्यातल्या साधारण १०० जोड्या प्रत्येकाला. न जुळणाऱ्या जोड्या मुद्दाम डेटाबेसमध्ये शोधून फसव्या, सारख्या दिसणाऱ्या निवडल्या होत्या. दोन वेगळ्या माणसांचे ठसे असताना "जुळतो" असं उत्तर आलं ते सुमारे ०.१ टक्के वेळा, म्हणजे हजारात एक. पण एकाच बोटाचे दोन ठसे असताना "जुळत नाही" असं साडेसात टक्के वेळा आलं, आणि ८५ टक्के तज्ज्ञांकडून ही दुसरी चूक एकदा तरी झाली. चुकीच्या जुळण्या एकूण सहा होत्या, पण कुठल्याही एका जोडीवर दोन तज्ज्ञ चुकले नाहीत, म्हणजे दुसऱ्याने स्वतंत्र तपासलं असतं तर त्या बहुधा पकडल्या गेल्या असत्या. स्वतंत्र या शब्दाखाली रेघ मार, पुढे लागेल.

अजून एक. त्यातल्याच काही तज्ज्ञांना सात महिन्यांनी त्याच जोड्या न सांगता परत दिल्या तर आधी "जुळतो" म्हटलेल्यांपैकी ८९ टक्केच परत "जुळतो" ठरल्या. बाकीच्यांवर बहुतेक "सांगता येत नाही" असं आलं, म्हणजे थेट उलटे नाही फिरले, पण एकच माणूस, एकच ठसा आणि दोन उत्तरं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुझं अर्धं वाचन होईल. हे शास्त्र थोतांड वगैरे अजिबात नाहीये. ऑस्ट्रेलियात २०११ सालीच ३७ तज्ज्ञ आणि ३७ अननुभवी लोकांना एकसारखेच फसवे ठसे दिले. अननुभवी लोकांनी निम्म्याहून जास्त वेळा चुकून जुळवले, तज्ज्ञांनी एक टक्क्याहून कमी वेळा. नजर खरंच तयार होते. तेव्हा "तज्ज्ञाला काही कळत नाही" असा युक्तिवाद करू नकोस, जज ऐकणार नाहीत आणि ते खरंही नाही.

---

पाटील_निवृत्त

वरचं वाचलं. मी खात्यात होतो, अंगुलीमुद्रा विभागात बरीच वर्षं काढली. आमच्याकडे ऑल इंडिया बोर्डाची परीक्षा पास झाल्याशिवाय तज्ज्ञ म्हणून सही करता येत नाही आणि ती परीक्षा सोपी नाही. पेपरात वाचता ना, "श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञांना पाचारण", लोकांना वाटतं पावडर मारली की चोर सापडला, प्रत्यक्षात घटनास्थळावरून उचललेले कितीतरी चान्स प्रिंट आम्ही नालायक म्हणून बाजूला ठेवायचो, रेघाच दिसत नाहीत तर जुळवणार काय. त्यामुळे परदेशातले अभ्यास घेऊन आमचं काम संशयास्पद आहे असं कुणी म्हटलं तर वाईट वाटतं. साडेसात टक्के वेळा जुळणारा ठसाच हातचा सुटतो त्याचं पण बोला की.

पण एक मान्य करतो. तपास अधिकाऱ्याचा फोन यायचा, "साहेब आरोपी ताब्यात आहे, कबूल पण झालाय, ठसा जुळतोय ना बघा". असा फोन आला की समोरच्या ठशाकडे बघायची नजर बदलते. चांगला माणूस ते बाजूला ठेवायचा प्रयत्न करतो. पण ऐकलेलं न ऐकलेलं करता येत नाही.

---

नीलकंठ_मु

पाटील साहेब, तुमचा तो फोन म्हणजेच या सगळ्या संशोधनातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो तुमच्यासारख्या आतल्या माणसाने सांगितला याला फार किंमत आहे.

इटिएल ड्रोर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये एक छोटा प्रयोग छापला. पाच अनुभवी तज्ज्ञ. प्रत्येकाला त्याने स्वतःच काही वर्षांपूर्वी खऱ्या केसमध्ये "जुळतो" ठरवलेली जोडी परत दिली, फक्त सांगताना म्हटलं की ही ती माद्रिदची एफबीआयने चुकलेली जोडी आहे. पाचातल्या तिघांनी आता "जुळत नाही" म्हटलं, एकाने "सांगता येत नाही", एकच जण ठाम राहिला. पाच हा आकडा लहान आहे, त्यावरून टक्केवारी काढू नये. पण ठसे तेच, डोळे तेच, फक्त कानावर पडलेलं वेगळं.

आणि माद्रिद काय ते अनघासाठी, कारण तिच्या केससारखीच ती कॉम्प्युटर सर्चची केस आहे. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, डिटोनेटर असलेली प्लॅस्टिकची पिशवी सापडली, तिच्यावर ठसा. एफबीआयने आपल्या डेटाबेसमध्ये शोधला, यंत्राने सारख्या दिसणाऱ्यांची यादी दिली, त्यात चौथ्या नंबरला ब्रँडन मेफिल्ड, ऑरेगनमधला वकील. एफबीआयच्या तज्ज्ञाने जुळवला, आणखी दोघांनी दुजोरा दिला, शंभर टक्के खात्री म्हणून कोर्टात सांगितलं. स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्येच कळवलं होतं की आमच्या मते जुळत नाही, तरी मे मध्ये त्याला अटक झाली. कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही जुळतो म्हटलं, आणि नेमकं त्याच दिवशी स्पेनने ठसा उनान दाऊद नावाच्या अल्जेरियन माणसाचा निघाल्याचं कळवलं. मेफिल्ड सुटला, एफबीआयने माफी मागितली, पुढे २० लाख डॉलरची भरपाई.

नंतरच्या सरकारी चौकशीत जे निघालं ते फार शिकण्यासारखं आहे. दोन्ही ठसे खरंच विलक्षण सारखे होते, एवढ्या प्रचंड डेटाबेसमध्ये शोधलं की असा जवळचा कुणीतरी मिळण्याची शक्यता वाढतेच. पण एकदा मेफिल्डचा स्पष्ट ठसा समोर आल्यावर तज्ज्ञांना पिशवीवरच्या पुसट ठशात त्याच्यातलेच पॉइंट (रेघा जिथे संपतात किंवा फुटतात त्या खुणा) दिसायला लागले, उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं. आणि दुजोरा देणाऱ्यांना पहिल्याचं उत्तर माहीत होतं. पहिल्या जुळणीच्या वेळी मेफिल्ड मुसलमान आहे हे तज्ज्ञांना माहीत नव्हतं, पण नंतर कळल्यावर स्पेनच्या आक्षेपाकडे गंभीरपणे न बघण्यात त्याचा वाटा असू शकतो, असंही चौकशीत म्हटलंय.

---

मेधा_ग्लासगो

मी इथे स्कॉटलंडमध्ये असते, इथली शर्ली मकीची केस पण बघ अनघा. १९९७, किल्मारनॉकला एका बाईंचा खून झाला, घरातल्या दाराच्या चौकटीवर मिळालेला ठसा तपासातल्याच पोलीस शर्ली मकीचा आहे असं चार तज्ज्ञांनी सांगितलं. ती म्हणत राहिली की मी त्या घरात गेलेच नाही, तर उलट तिच्यावरच खोटी साक्ष दिल्याचा खटला! १९९९ ला निर्दोष सुटली, २००६ ला साडेसात लाख पौंड भरपाई. आणि ज्या माणसाला खुनाची शिक्षा झाली होती त्याच्या विरुद्धचा ठसाही चुकीचा निघाला, त्याची शिक्षा रद्द झाली. २०११ च्या चौकशी अहवालात स्पष्ट लिहिलंय की ठशाचा निष्कर्ष हे तज्ज्ञाचं मत आहे, वस्तुस्थिती म्हणून मांडू नका, आणि शंभर टक्के खात्रीची भाषा बंद करा. मला राग याचा येतो की त्या बाईची नोकरी गेली, उमेदीची वर्षं गेली आणि ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

---

अनघा_पुणे

बाप रे. सगळ्यांचे खूप आभार, पाटील काका तुमचेही, तुमच्या बोलण्यामुळे मला कळलं की तज्ज्ञावर हल्ला न करता पद्धतीवर बोलायचं. एक शंका. समजा सरकारी वकील म्हणाला की ठीक आहे, हजारात एक चूक, म्हणजे माझा आरोपी ९९.९ टक्के गुन्हेगार. तर काय उत्तर देऊ?

---

नीलकंठ_मु

हा सापळा आहे, नीट समजून घे. हजारात एक म्हणजे वेगळ्या माणसांचे ठसे असताना चुकून जुळवण्याचं प्रमाण. आरोपी निर्दोष असण्याची शक्यता हजारात एक, असा त्याचा अर्थ होत नाही. खरा चोर डेटाबेसमध्ये नसेलच तर यादीतलं प्रत्येक नाव चुकीचं, आणि ती नावं यंत्राने दिसायला सारखी म्हणूनच काढलेली. त्यात दुसरा कुठलाच पुरावा नसेल, जसा तुझ्या केसमध्ये नाहीये, तर तो एक निर्णय सगळा भार उचलतोय. शिवाय तो आकडा सगळ्या तज्ज्ञांची सरासरी आहे, आणि त्यांना परीक्षा चालू आहे हे माहीत होतं. २०१६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने ही पद्धत मुळात वैध आहे असंच म्हटलं, पण चुकीचं प्रमाण एफबीआयच्या त्या अभ्यासावरून जास्तीत जास्त ३०६ मध्ये एक इतकं आणि मायामीच्या दुसऱ्या अभ्यासावरून १८ मध्ये एक इतकं असू शकतं असं सांगितलं. १८ वाल्यात काही चुका नोंदीतल्या असू शकतात, त्यामुळे तो आकडा एकटा फेकू नकोस, समोरचा तयारीचा असेल तर उलटेल.

कायद्याचं तू मला शिकवशील, तरी सांगतो. साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली, म्हणजे जुनं ४५, हे तज्ज्ञाचं मतच आहे. आणि बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ३२९ मध्ये फिंगरप्रिंट ब्युरोच्या डायरेक्टरचा रिपोर्ट तज्ज्ञाला न बोलावता वाचता येतो, पण कोर्ट त्याला बोलावू शकतं. तो अर्ज कर. १९७९ च्या निकालाबद्दल सरळ मांड की यातला एकही अभ्यास तेव्हा कोर्टासमोर असणं शक्यच नव्हतं.

आणि उलटतपासात पहिला प्रश्न हा विचार: काचेवरच्या ठशातले पॉइंट तुम्ही आरोपीचा ठसा बघण्याआधी खुणा करून ठेवले होते का, की नंतर? नोंद दाखवा. मग दुजोरा देणाऱ्याला तुमचं उत्तर माहीत होतं का. आणि यंत्राच्या यादीत हा कितव्या नंबरवर होता, बाकीचे कुणी तपासले का.

---

पाटील_निवृत्त

अनघा बेटा, हे प्रश्न योग्य आहेत, चांगल्या तज्ज्ञाला त्यांची भीती वाटणार नाही. एक माझ्याकडून घे. ठसा काचेच्या आतल्या बाजूला होता की बाहेरच्या, ते पंचनाम्यात लिहिलंय का बघ. ठशावर तारीख नसते. बाहेरून दूधवाला, केबलवाला, रंगारी कुणीही हात लावून जातं. आणि उचललेल्या ठशाचा मोजपट्टीसह काढलेला मूळ फोटो माग, मोठी केलेली कॉपी नको. कॉपीत पुसट रेघा फार ठसठशीत दिसतात.