माउंट सेंट हेलेन्स, मे महिन्यात एकट्याने: वर्म फ्लोजच्या वाटेबद्दल माहिती हवी

घसाराप्रेमी:
अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीवर चढायचं मेच्या दुसऱ्या रविवारचं परमिट मिळालंय. मार्बल माउंटन स्नो-पार्क या वाहनतळावरून वर्म फ्लोज नावाच्या वाटेने चढायचं, सोबत कुणी नाही. सह्याद्रीतल्या नाळा, रॉकपॅच, घसारा यांची सवय आहे, बर्फाची नाही. मायक्रोस्पाइक्स (बुटावर ओढून चढवायचे छोटे दात) पुरतील का? किती वाजता निघावं? आणि माथ्यावरच्या कॉर्निसची (काठाबाहेर लोंबणाऱ्या बर्फाच्या सज्जाची) सगळे एवढी भीती का घालतात?

उत्तरधार:
आधी आवाका बघा. जाऊन-येऊन १२ मैल, चढाई ५,७०० फूट, म्हणजे सुमारे १,७४० मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची अख्खी उंची १,६४६ मीटर आहे. चढायला ६ ते ८ तास, उतरायला ३-४ धरा.

निघायचं की नाही हे रात्रीच्या थंडीवर ठरतं. नॅशनल वेदर सर्व्हिस या अमेरिकी हवामान खात्याच्या नकाशावर थेट डोंगरावर टिचकी मारा आणि त्या जागेचा अंदाज वाचा, पायथ्याच्या कूगर गावाचा नको. आभाळ निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता रात्रभर निघून जाते आणि हवा शून्याच्या जराशी वर असली तरी वरचा थर गोठतो. ढगाळ रात्र आणि फ्रीझिंग लेव्हल (हवा जिथे शून्य अंशावर येते ती उंची) माथ्याच्याही वर (माथा सुमारे ८,३६० फूट), असं असेल तर पहाटेसुद्धा मांडीपर्यंत रुताल. त्या दिवशी परमिट वाया गेलं असं समजा आणि झोपा.

गोठणार असेल तर पहाटे ३-४ ला निघा. चॉकलेट फॉल्स या धबधब्यापर्यंतचे पहिले दोनेक मैल रानातले, सौम्य, ते हेडटॉर्चवर उरकतात. पुढे झाडं संपतात आणि सोंड धरून वर जायचं. दुपारी १२ ला जिथे असाल तिथून मागे फिरा. त्याआधीही बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, किंवा पायाखालून सुटलेले बर्फाचे गोळे चाकासारखे घरंगळत खाली जायला लागले, तर उतार ओला झालाय. असा ओला बर्फ सुटला की घळीत गोळा होतो आणि माणसाला सहज ढकलून नेतो. सोंडेवरच राहा, घळीत उतरू नका.

पाणी ३ लिटर. धबधबा मेमध्येही बर्फाखाली असू शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

दांडा_आणि_पातं:
मायक्रोस्पाइक्स खालच्या वाटेला ठीक. वरचा टप्पा तीस अंशांकडे झुकतो आणि सकाळी तिथे काचेसारखा टणक बर्फ असतो, मायक्रोस्पाइक्सचे छोटे दात तिथे धरत नाहीत. १० किंवा १२ दातांचे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब पोलादी दात) घ्या, तळाला प्लेट असलेले. प्लेट नसली की उन्हं चढल्यावर तळव्याला बर्फाचा लाडू चिकटतो, दात बर्फापर्यंत पोचतच नाहीत आणि पाय सटकतो. तरी चिकटलाच तर आईस अॅक्सच्या (बर्फातल्या कुदळीच्या) दांड्याने बुटाच्या कडेवर टोला मारायचा. बुटावर क्रॅम्पॉन घरीच बसवून बघा. पट्टे न आवळता बूट उचलला तरी ते लटकून राहायला हवेत.

आईस अॅक्स भाड्याने मिळेल, पण ती वापरता यायला हवी. घसरलात तर थांबायचं असं: एक मूठ अॅक्सच्या डोक्यावर, दुसरी दांड्याच्या टोकाकडे, पातं खांद्याजवळ बर्फात, छातीचा सगळा भार त्यावर, गुडघे रुंद. क्रॅम्पॉन घातलेले असतील तर पावलं वर उचललेली, नाहीतर दात अडकून घोटा मोडतो किंवा कोलांटी होते. हे पहिल्या एक-दोन सेकंदांत जमलं तर जमलं, टणक बर्फावर वेग त्यानंतर हाताबाहेर जातो. खाली सपाटी असलेल्या लहान उतारावर पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून, अशा सगळ्या पद्धतींनी पन्नासदा घसरून सराव करा. हेल्मेट घालूनच.

काठापासून_लांब:
कॉर्निसबद्दल. १८ मे १९८० च्या उद्रेकात उत्तरेची बाजू कोसळली आणि माथा सुमारे १,३०० फुटांनी खुजा झाला. आपण दक्षिणेकडून चढून थेट विवराच्या काठावर येतो. नैऋत्येचा वारा बर्फ काठापलीकडे ढकलत राहतो आणि तिथे सज्जा तयार होतो, खालून पोकळ. आपल्या बाजूने तो सारवलेल्या अंगणासारखा सपाट दिसतो, तीच फसगत. बर्फ संपतो तिथे खडक संपत नाही, खडक बराच आधी संपलेला असतो. शिवाय सज्जा तुटताना बरोबर खडकाच्या रेषेवर तुटेल असंही नाही, मागचा तुकडा घेऊन जातो. फेब्रुवारी २०१० मध्ये इथेच तो तुटून एक गिर्यारोहक विवरात पडून गेला.

पुढे गेलेले ठसे हा काही पुरावा नव्हे. उतार सपाट व्हायला लागला की थांबा, आडवं सरकत काठाची वाकण बाजूने दिसते का बघा. सर्वोच्च बिंदू तिथून पश्चिमेला आहे. जायचंच तर काठाकाठाने न जाता बरंच खालून आडवा ट्रॅव्हर्स मारा.

घसाराप्रेमी:
आभारी आहे. उतरताना लोक बसून घसरत येतात ते करावं का?

दांडा_आणि_पातं:
ग्लिसेड जरूर करा, पण क्रॅम्पॉन काढून पाठीला बांधल्यावरच. दात एकदा अडकला की पाय तिथेच आणि तुम्ही पुढे. आईस अॅक्स छातीवर आडवी, पातं अंगापासून लांब, दांड्याचं टोक कमरेशेजारी रुतवून ब्रेक. खालचं टोक दिसत असेल तरच बसा. आधीच्यांनी पाडलेली घसरगुंडी सकाळी बर्फाची पन्हाळी असते, ती मऊ होईपर्यंत चालत उतरा. खडकाभोवती बर्फ वितळून खड्डे पडतात, त्यांच्यापासूनही लांब.

उत्तरधार:
एक राहिलं. ढग उतरले तर पाणी जसं वाहील तसं उतरत जाऊ नका. या डोंगराच्या सोंडा पंख्यासारख्या पसरत जातात. वर ५० पावलांची चूक झाली तर खाली भलत्याच खोऱ्यात पोचाल. चढतानाच जीपीएस ट्रॅक चालू ठेवा, फोन आतल्या खिशात गरम ठेवा. सॅटेलाइट मेसेंजर (फोनला रेंज नसतानाही उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) घ्या, आणि घरी कुणाला तरी ठराविक वेळ सांगून ठेवा: इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन.

आणि तो रविवार मदर्स डे आहे. फ्रॉक घातलेले बाप्ये दिसतील, तो इथला रिवाज आहे, विरळ हवेचा परिणाम नाही.