झूमच्या आधी माइकचं बघा

दादा, लेकीचे वाढदिवस, घरची लग्नं आणि हौसेची एखादी छोटी फिल्म, एवढ्यासाठी २५ हजारांत कोणता कॅमकॉर्डर घ्यावा असं तुम्ही विचारलंत. बाकीच्यांनी झूमचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो.

आमच्याकडे गडचिरोलीतल्या वडसा भागात दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं चालतात. मी मागून, पार शेवटच्या रांगेतून शूटिंग केलं. चित्र बरं आलं, पण संवादांऐवजी शेजारच्यांचं बोलणं आणि जनरेटरची घरघर. ते आता काही केल्या निघत नाही. म्हणून बाहेरचा माइक लावायची पिन आहे का, हे पहिले बघा. सोनीच्या सीएक्स४०५ कॅमकॉर्डरला ३० पट ऑप्टिकल (भिंगाचा खरा) झूम आहे, पण ही सोयच नाही. पिन नसेल तर साधा रेकॉर्डर स्टेजजवळ ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि घरी त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवा.

डिजिटल झूमचा मोठा आकडा सोडून द्या, त्यात चित्र नुसतं फाटतं. सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, लहान असला की मंडपातल्या कमी उजेडात दाणे येतात, त्यामुळे नवऱ्या मुलाच्या जवळ उभं राहणंच बरं.

अजून एक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० सेकंद ठेवा, लुकलुक होत नाही. ट्रायपॉड मात्र जड घ्या जी, त्यात काटकसर नको.