'एकच प्याला': गडकऱ्यांच्या अलंकारांनी शोकांतिका गुदमरते का?

तिसरी_घंटा:
आमच्या हौशी मंडळासाठी 'एकच प्याला'ची संहिता संकलित करतोय. पेन्सिल थांबत नाही. माणूस उद्ध्वस्त होतोय आणि उपमा-उत्प्रेक्षांची रांग काही संपत नाही. दारू का सुटत नाही हे नायक सुधाकर त्याच्या मित्राला, रामलालला सांगतो ते भाषण घ्या. एक दृष्टान्त पुरेसा असताना चार येतात आणि आपण दुःख विसरून अनुप्रास मोजत बसतो. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं नाटक आणलं ते त्यानंतर. पहिला प्रयोग त्यांनी पाहिला असता तर स्वतःच कात्री लावली असती, असं माझं मत.

पडद्यामागचा:
ठाम असहमत. सुधाकर वकील आहे हो! कोर्टातल्या खटक्यावरून वकिलीची सनद काही काळासाठी जाते, तिथूनच तो दारुड्या तळीरामाच्या हाती लागतो. बोलण्यावर जगणाऱ्या माणसाचं बोलणंच काढून घेतलं. मग तो ते घरात, मित्रापुढे, प्याल्यापुढे वापरतो. स्वतःच्या नाशाचा खटला इतका सुरेख मांडणारा माणूस सुटणार कसा? त्याचे अलंकार कापलेत तर उरेल फक्त एक दारुडा, आणि दारुड्याची शोकांतिका होत नाही.

तिसरी_घंटा:
युक्तिवाद छान, पण मग रामलालचं काय? तो ना वकील, ना दारुडा. तरी तोही तसाच पल्लेदार बोलतो. म्हणजे ही पात्राची भाषा नव्हे, लेखकाची हौस. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे शिष्य शोभतात.

जात्यावरची_ओवी:
दोघंही सुधाकरातच अडकलात. त्याच्या बायकोचं, सिंधूचं गद्य पुन्हा वाचा. दळण दळून घर चालवणारी बाई. तिचं बोलणं साधं, घरगुती. ती तळीरामाच्या बायकोशी, गीतेशी बोलते तेव्हा तर वाटतं लेखक माजघरात बसून ऐकत होता. एकाच घरात नवरा रूपकांत बोलतो आणि बायको पोराच्या दुधाची काळजी करते. पुढे नशेत त्याच्याच हातून ते पोर जातं तेव्हा हा भाषाभेदच अंगावर येतो. सुधाकरला तासलंत तर सिंधूचा साधेपणा दिसणार कशाच्या शेजारी?

बोलपट:
साधेपणा? 'कशि या त्यजू पदाला, मम सुभगशुभपदाला' हे सिंधूचं पद साधं?

जात्यावरची_ओवी:
पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. बालगंधर्वांनी गाऊन अजरामर केली, म्हणून सगळं गडकऱ्यांच्या खात्यावर घालू नका.

पडद्यामागचा:
आणि सगळ्यात मोठ्या युक्तीबद्दल कोणीच बोलत नाहीये. 'एकच प्याला' हे शब्द आधी आमिष म्हणून येतात, शेवटी त्याच प्याल्यात विष असतं. मधल्या अंकांत मद्यपी मंडळ आणि मरणाऱ्या तळीरामाभोवती भांडणारे डॉक्टर-वैद्य आपल्याला हसवत ठेवतात. तळीराम हे दारुड्याचं सामान्यनाम झालं ते उगाच नाही. तो विनोदसुद्धा अतिशयोक्तीवरच उभा आहे. तिथेही पेन्सिल चालवणार?

तिसरी_घंटा:
तळीरामाला हात लावत नाही, प्रेक्षक मारतील. सुधाकरच्या भाषणाचा निम्मा भाग मात्र जाणार. रामलालचा त्याहून जास्त.

बोलपट:
रामलालचं खुशाल काढा. नाहीतरी तो बोलायला लागला की आमच्याकडे लोक चहाला उठतात.