३० मीटरसाठी राखीव हवा: छोटी बाटली की ३ लिटरचा पोनी?

निळाई:
२५ ते ३० मीटरचे स्कुबा डाईव्ह, १२ लिटरचं सिलिंडर, साधी हवा, डीकॉम्प्रेशन (वर येताना सक्तीने थांबे घेणं) नाही. दोघांकडेही ऑक्टोपस (जोडीदाराला हवा देण्यासाठीचा जादा रेग्युलेटर) आहे, पण फोटो काढताना बडी, म्हणजे जोडीदार, कधी १०-१५ मीटर लांब जातो. म्हणून स्वतःची राखीव हवा जवळ ठेवायची आहे. डोळ्यासमोर दोन गोष्टी आहेत. एक, थेट तोंडात धरायची, होज (नळी) नसलेली छोटी बाटली (स्पेअर एअरसारखी, ३ घनफूट म्हणजे साधारण ८५ लिटर हवेची). दुसरी, वेगळा रेग्युलेटर (श्वासासाठी हवा देणारं साधन) लावलेला ३ लिटरचा पोनी, म्हणजे सोबत न्यायचं छोटं जादा सिलिंडर. बाटली सुटसुटीत आहे, पोनीचा बोजा आहे. बाटलीवर ३० मीटरवरून वर येता येईल का? आणि पोनी घेतलाच तर त्याचा व्हॉल्व्ह पाण्यात उघडा ठेवायचा की बंद?

खोलगणित:
बाटली ३० मीटरला पुरणार नाही. हिशेब मांडतो, म्हणजे तुमच्या खोलीप्रमाणे तुम्हालाही करता येईल.

निवांत पोहताना माणसाला पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा लागते. तोंडातली हवा अचानक बंद झाल्यावर श्वास भराभर होतो, तेव्हा किमान ३० धरा. ३० मीटरला दाब ४ बार, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. ८५ लिटर हवा ४२ सेकंदांत संपते, आणि तेवढ्यात तुम्ही अजून जागेवरून हललेलाही नसता.

आता वर येण्याचा खर्च बघा. गोंधळ सावरायला तळाशी १ मिनिट: १२० लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला ३ मिनिटं २० सेकंद, सरासरी दाब २.५ बार: २५० लिटर. ५ मीटरला ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (खबरदारीचा थांबा): १३५ लिटर. एकूण ५०५. पोनीत २०० बारला ६०० लिटर असतात, म्हणजे वर आल्यावर साधारण ३० बार उरतात. ३० मीटरला याहून लहान सिलिंडर मी सुचवणार नाही.

१८ मीटरवरून तळाशी अजिबात न थांबता, स्टॉप न करता आलात तरी ११४ लिटर लागतात. १० मीटरवरून ५० लिटर. म्हणजे बाटलीचं काम १० मीटरच्या आसपासचं आहे, तिथे ती खरोखर उपयोगी पडते. पाकिटावर जो श्वासांचा आकडा असतो तो पृष्ठभागावरचा, ३० मीटरला त्याला ४ने भागा.

एक विनंती: पोनीतली हवा डाईव्हच्या नियोजनात कधीही मोजू नका. मुख्य सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना ‘पोनी आहे ना’ म्हणून खाली रेंगाळायला सुरुवात झाली की राखीव हवा राखीव राहत नाही.

डावीकडचा_स्नॅप:
बोजा जोडणीवर अवलंबून असतो. पोनी डाव्या बाजूला लटकवा: सिलिंडरच्या मानेजवळ दोरीच्या फासात एक बोल्ट स्नॅप (खिटीचा धातूचा हुक), खाली सिलिंडरच्या पोटाला स्टीलच्या क्लॅम्पखाली अडकवलेल्या दोरीला दुसरा. वरचा स्नॅप खांद्याच्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला), खालचा कमरेच्या. दोन्ही स्नॅप आणि सिलिंडर यांच्यामध्ये दोरीच ठेवा, धातूला धातू बांधू नका. स्नॅप गंजून अडकला तर दोरी कापता येते.

सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) हनुवटीखाली इलॅस्टिकच्या गळपट्ट्यात. मुख्य होजपेक्षा वेगळ्या रंगाचा होज घ्या, पण रंगावर विसंबू नका. माउथपीसजवळ दोरीची गाठ बांधा, ती अंधारातही बोटांना कळते. माउथपीस झिपटायने घट्ट आवळलेला हवा. नाहीतर ओढताना रेग्युलेटर हातात येतो आणि माउथपीस गळपट्ट्यातच राहतो.

व्हॉल्व्ह: उघडा, होजमध्ये दाब भरू द्या, मग बंद करा. नकळत फ्री-फ्लो (रेग्युलेटरमधून हवा आपोआप वाहत राहणं) होऊन पोनी रिकामा होण्याची भीती राहत नाही.

खोलगणित:
व्हॉल्व्हच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. मीटरभर होजमध्ये दाबाखालची हवा पृष्ठभागाच्या हिशेबाने पाव लिटरच्या आसपास असते. हवा संपलेल्या माणसाने तो रेग्युलेटर तोंडात घेतला की अर्धा श्वास येतो आणि लगेच बंद. त्या क्षणी त्याला वाटतं, हाही बिघडला. व्हॉल्व्ह शोधण्याइतकं भान राहील असं गृहीत धरणं मला पटत नाही. गळपट्ट्यातला रेग्युलेटर तोंड खाली करून असतो, त्यामुळे फ्री-फ्लोची शक्यता कमी, आणि झालाच तर बुडबुडे हनुवटीशीच जाणवतात. म्हणून तिथे उघडाच ठेवावा.

डावीकडचा_स्नॅप:
गळपट्ट्यासाठी मान्य, माझं उत्तर अपुरं होतं. सेकंड स्टेज सिलिंडरवरच रबरी पट्टीत खोचलेला असेल तर बंद ठेवा, कारण तिथला फ्री-फ्लो तुम्हाला दिसणार नाही. पण मग ‘व्हॉल्व्ह उघड, रेग्युलेटर तोंडात’ हा क्रम हातात मुरलेला हवा.

निळाई:
पाठीवर मुख्य सिलिंडरला ब्रॅकेटने लावला तर?

डावीकडचा_स्नॅप:
चालतं, पण व्हॉल्व्हला हात पोचत नाही, त्यामुळे तो उघडाच ठेवावा लागतो. फर्स्ट स्टेजवरचं (रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडलेल्या भागावरचं) छोटं बटण-गेज, म्हणजे दाबमापकही वाचता येत नाही. तिथे होजवरचं गेज पुढे आणा. शिवाय सगळं वजन एका बाजूला येतं, मुख्य वजनातलं थोडं दुसऱ्या बाजूला हलवावं लागतं.

ओरिंग:
कोणी लिहिलं नाही म्हणून: उडी मारण्याआधी तोंडात कोणता रेग्युलेटर आहे ते तपासा. पोनीचाच तोंडात राहिला तर मुख्य गेजचा काटा हलत नाही आणि सगळं छान वाटतं. मग खोलवर ‘हवा संपली’ असं होतं: राखीव पोनीच रिकामा झालेला असतो, मुख्य सिलिंडर मात्र भरलेलंच असतं. पहिल्या ५ मिनिटांत मुख्य गेज उतरलं नाही तर आधी हेच बघा. प्रत्येक डाईव्हआधी पोनीचा रेग्युलेटर तोंडात घेऊन, गेजकडे बघत ३-४ श्वास घ्या. श्वासागणिक काटा खाली डुचकत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

पोनी हळू भरा. लवकर भरला की हवा तापते: ५० अंशांना २०० बार दिसले तर २० अंशांना थंड झाल्यावर १८१ उरतात, म्हणजे वरच्या हिशेबातले जवळपास ६० लिटर गायब. थंड झाल्यावर पुन्हा गेज बघून वर भरून घ्या. त्यात साधी हवाच भरा आणि तसं सिलिंडरवर लिहा. कुणी चुकून ३६ टक्के नायट्रॉक्स (३६ टक्के ऑक्सिजन असलेली हवा) भरलं तर ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेने ते जेमतेम २८ मीटरपर्यंत चालतं, आणि राखीव हवा तुम्हाला नेमकी सगळ्यात खोल ठिकाणी लागू शकते.

सराव सेफ्टी स्टॉपला, दर डाईव्हला: मुख्य रेग्युलेटर काढा, बारीक बुडबुडे सोडत राहा, पोनीचा तोंडात घ्या, जोरात फुंकून पाणी काढा. फुंकायला हवा नसेल तर जिभेने तोंड झाकून पर्ज बटण (हवा सोडून पाणी बाहेर ढकलणारं) दाबा. ४-५ श्वास घेऊन परत मुख्य रेग्युलेटरवर या. पाण्याबाहेर आल्यावर गेज वाचा, १८०च्या खाली असेल तर पुढच्या डाईव्हआधी भरा. फर्स्ट स्टेजची सर्व्हिसिंग मुख्य रेग्युलेटरबरोबरच करा. न वापरलेल्या सेकंड स्टेजमध्ये मीठ साचून डायफ्राम चिकटतो, आणि ते गेजवर कळत नाही.