'द लाँग वॉक होम': चालते ओडेसा, मग गोष्ट मिरियमच्या मुलीच्या तोंडून का?

पायरव

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर, १९५५. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरकडे पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने बस हाणली की पैसेही गेले आणि बसही गेली. १ डिसेंबरला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, ५ तारखेपासून काळ्या वस्तीने बसवर बहिष्कार टाकला आणि तो ३८१ दिवस टिकवला. 'द लाँग वॉक होम' (१९९०) हा या बहिष्काराच्या काळात पायी कामावर जाणाऱ्या ओडेसा कॉटर या मोलकरणीचा सिनेमा. ओडेसा झालीय हूपी गोल्डबर्ग, मालकीण मिरियम सिसी स्पेसेक.

दोघींची कामं उत्तम आहेत. पण निवेदन आहे मिरियमच्या मोठ्या झालेल्या मुलीचं, आणि सिनेमा तिथेच घसरतो. त्या आवाजामुळे अख्खा बहिष्कार म्हणजे 'माझी आई कशी बदलली' याची हकिकत होऊन बसते. सुरुवातीलाच पहा: गोऱ्या मुलींना घेऊन बागेत गेलेल्या ओडेसाला पोलीस हुसकावून लावतो आणि मिरियम त्याला माफी मागायला लावते. अपमान एकीचा, लक्षात राहते दुसरी. आणि रात्री ओडेसा घरी नवऱ्याशी काय बोलते, हे त्या मुलीला कुठून कळणार?

शेवंती

अजिबात पटलं नाही. मिरियमला सिनेमाने देवी केलेलं नाही. ती आठवड्यातून दोन दिवस ओडेसाला गाडीतून आणते ती घरातली कामं अडू नयेत म्हणून, आणि नवऱ्यापासून चोरून. सिनेमा हे लपवत नाही. असल्या गाड्या खरोखरच धावत होत्या. जानेवारी १९५६ मध्ये महापौर गेल यांना गोऱ्या गृहिणींना जाहीरपणे सांगावं लागलं की मोलकरणींची ने-आण बंद करा. दोन बायका एका गाडीत बसतात, एवढ्याने नगरपालिका हादरत असेल, तर ती गाडी पडद्यावर यायलाच हवी.

आणि नाताळचं जेवण विसरलात का? पाहुणे बहिष्काराबद्दल वाट्टेल ते बोलतात आणि ओडेसा त्यांनाच वाढत असते. तिच्या तोंडी जवळजवळ काही नाही, पण त्या टेबलाशी आपण बसतो तिच्याच बाजूने.

माळरान

पायरव यांच्याशी सहमत, आणि माझी तक्रार त्याहून मोठी आहे. साधी माणसं नुसती चालत नव्हती, यंत्रणा उभी करत होती. ते सिनेमात कुठे आहे? जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या मशीनवर एका रात्रीत हजारो पत्रकं काढली. जॉर्जिया गिलमोर स्वयंपाकीण. तिने बायकांना जमवलं, घरोघरी केक, 'पाय' नावाचे भाजलेले पदार्थ, कोंबडीची सँडविचं करून विकली आणि पैसे दर आठवड्याच्या सभेत आणून दिले. बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या सामायिक गाड्यांचं पेट्रोल त्यातून निघायचं. कोर्टात बस ड्रायव्हरविरुद्ध साक्ष दिल्यावर तिची नोकरी गेली, मग तिने घरच्याच चुलीवर खानावळ चालवली. हा सिनेमाचा विषय नाही तर काय आहे? एका मालकिणीच्या मनःपरिवर्तनापेक्षा मला त्या स्वयंपाकघराचा हिशेब पाहायला आवडला असता.

शेवंती

माळरान, तुम्ही वेगळाच सिनेमा मागताय. तोही निघावा. पण हा एका घराचा आहे, आणि त्या घरात ओडेसाच्या पायांचे हाल दिसतात. सभा-पत्रकांच्या गर्दीत ते हरवले असते.

तिसरा_बाक

एक बाजू दोघांकडूनही राहतेय. बसमधला भेदभाव शेवटी मोडला तो खटल्याने. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईझ स्मिथ या चौघी त्यात वादी होत्या. कॉल्व्हिनला रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी अटक झाली होती, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. बहिष्कार नसता तरी निकाल तोच लागला असता. मग चालण्याचं एवढं काय?

माळरान

१३ नोव्हेंबर १९५६ हा एकच दिवस बघा. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि त्याच दिवशी मॉन्टगोमेरीच्या कोर्टाने सामायिक गाड्यांवर बंदी घातली. निकालाचा कागद शहरात पोचायला २० डिसेंबर उजाडला. म्हणजे खटला जिंकल्यावरही महिनाभराहून जास्त काळ लोक बसमध्ये चढले नाहीत, आणि आता बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेच्या सामायिक गाड्याही नव्हत्या. निव्वळ कोर्टावर विसंबलेली माणसं असं वागत नाहीत. निकाल तोच लागला असता हे मान्य केलं, तरी तो लागल्यावर शहरात ताठ मानेने बसमध्ये चढणारी हजारो माणसं या चालण्यानेच तयार केली.

शेवंती

हे पटलं. पण निवेदनाबद्दल मी ठाम आहे. ज्या घराने अन्याय पोसला त्याच घरातल्या मुलीने उभं राहून साक्ष द्यावी, याला मोल आहे. ओडेसाने साक्ष देण्यात नवल काय? तिने तर सोसलंच होतं.

पायरव

नवल नाही म्हणून तिला बोलूच द्यायचं नाही? बरं, मुलीचाच आवाज हवा असेल तर ओडेसालाही मुलगी आहे की, सेल्मा. बहिष्कार मोडून ती चोरून बसमध्ये चढते, गोरी पोरं तिला गाठतात, आणि तिला सोडवायला धावलेला भाऊ हात न उचलता मार खातो. आईचं चालणं कशासाठी होतं, हे त्या दिवशी सेल्माला जेवढं कळलं तेवढं मिरियमच्या मुलीला कधीच कळणं शक्य नव्हतं. निवेदन सेल्माचं हवं होतं.