पहिल्या रांगेतले साहेब
कुणीतरी लिहिलंय की कारखान्यातली सुरक्षेची कार्यशाळा म्हणजे ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा बिल्ला, शपथ आणि समोसा. बऱ्याच ठिकाणी तसंच असतं, पण दोष पहिल्या रांगेत बसणाऱ्या साहेबांचा. चाकणला मी होतो त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, एकदा सुपरवायझरपासून वरच्या सगळ्यांना बाहेर ठेवलं आणि एकच विचारलं, 'अपघातातून थोडक्यात कधी वाचलात?' दहा मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग एका जुन्या ऑपरेटरने खिशातून लाकडाची पाचर काढून टेबलावर ठेवली. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते. एका बटणात पाचर ठोकली की तो हात मोकळा, म्हणजे थेट डायखाली, प्रेसच्या साच्याखाली, जायला मोकळा! कारण काय, तर पत्र्यांचा रॅक पाठीमागे, प्रत्येक पीसला वळायचं, टार्गेट बसत नव्हतं. रॅक पुढे आणला, पाचर चालणार नाही असं वायरिंग केलं. पाचरवाल्याला मेमो मात्र दिला नाही. दिला असता तर पुढच्या वेळी परत पंखाच ऐकत बसलो असतो.

आणि कामगारांना बोलू देणं हे काही उपकार नव्हेत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी सुरक्षा समिती आली, कामगार आणि व्यवस्थापन समसमान. आमच्याकडेही समिती होती म्हणा, फक्त कामगारांची नावं एचआरने भरलेली.