सल्ला हवा: दोन आत्यांना कॅन्सर. जनुक तपासणी आधी कुणी करायची, आणि गोव्यातून कुठे?

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. माझं वय 34, राहणार फोंडा. मोठ्या आत्याला एक्केचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, त्यातच ती गेली. धाकटी आत्या आता 47 ची, तिलाही तेच निघालं, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) केमो चालू आहे. आजी तरुणपणीच "पोटात पाणी होऊन" गेली, म्हणजे नेमकं काय ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. बाबा ठणठणीत.

घरचे म्हणतात, हे बायकांचं दुखणं, आईकडून येतं, तुझ्या आजोळी कुणाला काही नाही, मग कशाला जिवाला घोर? भाऊ म्हणतो ही अँजेलिना जोलीने काढलेली फॅशन. मध्येच एका लॅबची जाहिरात आली: घरी येऊन थुंकीचा नमुना नेतात, सध्या सवलत. करून टाकू का? आणि समुपदेशन कुठे मिळेल? आत्याच्या मुलीची सोयरीक बघताहेत, त्यामुळे तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही अशी ताकीद आहे.

भाटातला_माड
जीनबिन काही नाही हो. 2018 ला मासळीत फॉर्मेलिन हे कॅन्सरकारक रसायन सापडलं तेव्हा सगळा गोवा बोंबलत होता, आता विसरले. पाणी, खतं, भाजीवरचे फवारे बघा आधी.

परीक्षानळी
माड, फॉर्मेलिनवर ओरड केली ती रास्तच. पण ती मासळी शेजारपाजारच्यांनीही खाल्ली. एकाच घरात दोघी सख्ख्या बहिणींना पन्नाशीच्या आत तोच कॅन्सर झाला, तर अनुवंशाची शंका घ्यायलाच हवी. एकूण कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच असे वारशाने येतात. बाकीच्यांत वय, तंबाखू, दारू, वजन, नशीब असं सगळं असतं. अबोलीताईंचं घर त्या 5-10 टक्क्यांत बसण्यासारखं दिसतंय, एवढंच म्हणते.

अबोलीताई, मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. पण सवलतीचं ते पॅकेज घेऊ नका. बाजारातल्या काही थुंकी-किटमध्ये जनुकातल्या मोजक्याच जागा बघतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या वारशाने येणाऱ्या कॅन्सरशी जोडलेली बीआरसीए 1 आणि 2 ही दोन मुख्य जनुकं, त्यांत घातक बदल हजारो ठिकाणी होऊ शकतात. तुमच्या घरातला बदल त्या मोजक्या जागांत नसला, तर रिपोर्ट "निगेटिव्ह" येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. संपूर्ण जनुक वाचणारी तपासणी हवी, आणि जनुकाचा अख्खा तुकडा गळलाय किंवा दुप्पट झालाय का तेही त्यात बघतात ना, हे विचारून घ्या.

त्याहून महत्त्वाचं: पहिली तपासणी तुमची नको, धाकट्या आत्याची. ज्याला आजार झालाय त्याच्यात बदल सापडण्याची शक्यता जास्त. तुम्ही आधी केलीत आणि काही निघालं नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: घरात बदल आहे पण तुमच्याकडे आला नाही, किंवा तपासणीला तो दिसलाच नाही. कुठला खरा, ते कुणी सांगू शकणार नाही. आत्याचा बदल एकदा कळला की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासतात, खर्चही बराच कमी येतो. यात आत्यावर उपकाराचं ओझं टाकतोय असं वाटून घेऊ नका. बीआरसीएत घातक बदल निघाला तर ओलापॅरिबसारखं औषध द्यायचं का, दुसऱ्या स्तनाचं आणि अंडाशयांचं काय करायचं, हे तिच्या डॉक्टरांनाही ठरवता येतं.

आता "आईकडून येतं" याबद्दल. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा मिळतो, तसंच हे. बदल बापाकडे असो की आईकडे, प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. फरक इतकाच की इथे वाटणी होत नाही, आला तर सगळा नाहीतर काहीच नाही. आत्याला आजीकडून आला असेल तर बाबांकडे असण्याची शक्यता निम्मी, तुमच्याकडे पाव. बाबा ठणठणीत आहेत म्हणून त्यांच्याकडे नाही असं होत नाही. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर कमी होतो, पण बीआरसीए 2 मध्ये प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचा धोका वाढतो, तेव्हा त्यांच्यासाठीही हे कामाचं आहे.

भावाला सांगा, जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 17 व्या गुणसूत्रावर बीआरसीए 1 ची जागा दाखवली ती 1990 मध्ये, आणि 1994 मध्ये जनुक हाती लागलं. आपल्यात बीआरसीए 1 चा बदल आहे आणि म्हणून दोन्ही स्तन काढून घेतले, हे जोलीबाईंनी जाहीर केलं 2013 मध्ये. त्यांनी सांगितलेला 87 टक्के धोका तुमच्या घराला लावू नका. पुढे 2017 मध्ये मोठ्या अभ्यासात वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए 1 मध्ये सुमारे 72 आणि बीआरसीए 2 मध्ये 69 टक्के आला. अंडाशयाचा 44 आणि 17. म्हणूनच आजीचं "पोटात पाणी" मला खटकतंय. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तसं होतं. यकृताच्या आजारातही होतं, म्हणून अंदाज नको, जुना केसपेपर शोधा.

काणकोणकर
वरच्या प्रतिसादाला +1. आमच्या घरात वेगळं प्रकरण आहे, लिंच सिंड्रोम. हाही वारशाने येतो: मोठ्या आतड्याचा कॅन्सर, बायकांत गर्भाशयाचाही. बाबांना चव्वेचाळिसाव्या वर्षी झाला, आधी त्यांची तपासणी, मग आम्हा भावंडांची. माझ्यात एमएलएच 1 या लिंचच्या जनुकात बदल निघाला. तेव्हापासून ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. ते आदल्या दिवशीचं औषध पिणं म्हणजे शिक्षा आहे, पण एकदा पॉलिप (आतड्याच्या आतली छोटी गाठ) सापडला तो तिथल्या तिथे काढून टाकला.

जायचं कुठे म्हणाल तर आम्हाला मणिपाल जवळ, मडगावहून उडुपीची गाडी. तिथे कस्तुरबा मेडिकल कॉलेजात जनुकशास्त्राचा वेगळा विभाग आहे. मुंबईकडे टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र, कोकणकन्येने पनवेलला उतरायचं. पण आधी आत्याच्या बांबोळीच्या डॉक्टरांना विचारा, चिठ्ठी तेच देतील.

अबोली_फोंडा
सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणांत ठेवलाय. आत्या तयार झाली! मीच बाबांना पुढे करून बोलायला लावलं. दोन शंका. रिपोर्ट "अनिश्चित" येतो म्हणतात, तो काय प्रकार? आणि यात काही निघालं तर विमा कंपनी हात वर करेल का?

परीक्षानळी
जनुकात बदल दिसतो, पण तो घातक की साधा हे सांगण्याइतका पुरावा जगात जमलेला नसतो, तेव्हा तसा शेरा येतो. जगातल्या नोंदी जास्त करून युरोपीय वंशाच्या लोकांच्या, त्यामुळे आपल्याकडे हा शेरा अधिक भेटतो. अशा रिपोर्टवर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नाही आणि तोच बदल शोधत घरभर तपासण्याही करत सुटायचं नाही. कॅन्सरचा घरचा इतिहास बघून देखरेख ठरवायची आणि दोनेक वर्षांनी विचारायचं, वर्गवारी बदलली का. बदलते तेव्हा बहुतेक वेळा निरुपद्रवीच्या बाजूलाच जाते. मात्र आलेल्या माणसाला हे आधी कुणी सांगत नाही, नुसता पीडीएफ पाठवतात. म्हणून रक्त देण्याआधी समुपदेशन घ्या.

आकडेमोड
विम्याबद्दल: आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) 2018 मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना सांगितलंय की जनुकीय आजार या सबबीखाली दावा नाकारू नका आणि नव्या पॉलिसीत ते वगळलेले आजार म्हणून घालू नका. पण हे आरोग्य विम्याचं झालं, आयुर्विम्याचा अर्ज वेगळा. अर्जात जे विचारलंय त्याचं उत्तर खरंच द्यावं लागतं, लपवलंत तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं. आरोग्य विमा नसेल तर आधी तो घ्या, मग तपासणीचं बघा.

अबोली_फोंडा
आणि आत्याच्या मुलीचं? आत्या म्हणते लग्न होऊ दे, मग सांगू. ती 26 ची आहे.

परीक्षानळी
आत्याचा रिपोर्ट येईपर्यंत तिला घाई नाही. पण घातक बदल निघाला तर तिची शक्यता पाव नाही, निम्मी. बीआरसीएमध्ये स्तनाचं एमआरआय पंचविशीपासून सुचवतात, मॅमोग्राफी तिशीपासून. तेव्हा तिच्या बाबतीत "नंतर" म्हणण्यासारखं फारसं काही उरत नाही. तपासणी करायची की नाही ते ती ठरवेल, सज्ञान आहे. सासरच्यांना काय सांगायचं तेही तीच ठरवेल. विषय आईने काढलेला बरा, तुम्ही नको. अंडाशयं काढण्याचा प्रश्न बीआरसीए 1 मध्ये पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान आणि मुलंबाळं झाल्यावर येतो, हे आत्याला जरूर सांगा. तिला वाटत असेल की उद्याच पोरीचं ऑपरेशन करतील.

जाताना तीन पिढ्यांचा तक्ता न्या: कुणाला, कुठला, कितव्या वर्षी. ज्यांना काही झालं नाही त्यांचीही वयं लिहा, चुलत्यांसकट.